उन्हातली मोजणी

घरणीच्या अलीकडं, मे महिना, अकरा वाजलेले.
जुन्या टॅबच्या काचेत मला काय दिसायचं?
माझंच नाक.
नाकावर घामाचा थेंब, कपाळापर्यंत ओढलेला स्कार्फ,
मागं पांढरंफटक आभाळ
आणि त्यात एक घार.
याच्या खाली कुठंतरी गट नंबर एकशे सत्त्याऐंशी
आणि त्याची पूर्वेची हद्द.

सूर्याकडं पाठ केली. मग तोंड केलं.
ओढणीच्या आत टॅब घेऊन ढेकळांवर बसले,
लेकराला पाजायला बसावं तशी.
उजेड शंभर टक्के केला, बॅटरी नऊवर आली.
मग टॅबच बोलला : तापमान वाढले आहे,
उपकरण थंड होऊ द्या.
म्हटलं, मलाही होऊ द्या.

भांडण साडेतीन फुटांचं.
एका बाजूला महालिंग, दुसऱ्या बाजूला बसवंत,
सख्खे. अकरा वर्षांचा अबोला.
एकमेकांच्या पोरींच्या लग्नात अक्षता टाकल्या
त्याही मांडवाबाहेरून.

शेवटी मैनोद्दीनभाईंनी,
आमच्या ऑफिसचे शिपाई, रोव्हरचा खांब धरणारे,
गळ्यातली दस्ती काढली,
दोन टोकं याच्या हातात दिली, दोन त्याच्या.
धरा म्हणाले. सरकारी काम हाय.
मी आत शिरले.
मग ते दोघंही शिरले, कारण रेष कुठून जाते
हे ज्याला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.
तीन डोकी एका दस्तीखाली.
तंबाखू. उन्हात शिजलेल्या सदऱ्यांचा वास.
काचेच्या निळ्या उजेडात दोघांच्या भुवया
सारख्याच विस्कटलेल्या.
"उलीसं सरक की," कुणीतरी म्हणालं.
मला म्हणालं का त्याला,
मी विचारलं नाही.
सरकले.
दोन तास लागले त्या मोजणीला.

यंदा नवा टॅब आलाय.
काच राखाडी, ओल्या पाटीसारखी.
ऑफिसात ट्यूबलाइटखाली काही धड दिसेना,
साहेब म्हणाले, सदोष माल, परत पाठवा.
परतीची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून
मी तो तसाच शिवारात नेला.
आणि ऊन बरोबर टाळूवर आलं तेव्हा
अक्षरं वर आली.
जसजसं तापलं तसतशी काळी होत गेली,
तव्यावरच्या भाकरीला डाग धरावेत तशी.
याच्या आत दिवा नाही म्हणे.
बाहेर जेवढं आहे तेवढ्यावर भागवतो.

उघड्या रानात मी ताठ उभी.
कुणाची छत्री नाही, लिंबाखाली पळापळ नाही.
काचेवर रेष पाहिली, मान वर केली,
रेष समोर होती.
करडीची धसकटं, एक कललेला दगड,
दगडाला खेटून मुंगळ्यांची रांग,
रांग मात्र हद्द सोडून चाललेली.
काचेवर आणि मातीवर तेच ऊन.
सतरा वर्षं नोकरी झाली,
नकाशा आणि जमीन
मी एका नजरेत कधी पाहिली नव्हती.
खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं.
बांधावरच्या माणसाला वाटलं
त्याचीच जमीन जास्त भरली.

चाळीस मिनिटांत काम संपलं.
दोन्हीकडचे आपापल्या बांधावर,
डोळ्यांवर हात धरून.
झालं का?
झालं.
सह्या. पेन सुद्धा ज्याचं त्याचं.

गाडीकडं निघताना मैनोद्दीनभाईंनी
सवयीनं दस्ती उघडली, माझ्या डोक्यावर धरली.
म्हटलं, भाई, आता नाही लागत,
हा उन्हात दिसतो.
"त्याला नसंल लागत," ते म्हणाले,
"तुमी काय काचंच्या हाव का?"

सावलीत अक्षरं उलीशी फिकी झाली.
असू दे.
राहिलेलं मी गाडीपाशी जाऊन वाचलं.